आज डब्यात काय?

एक वाजला की अख्ख्या मुंबईच्या ऑफिसांत हा एकच प्रश्न विचारला जातो. लंच टाइम म्हणजे नुसतं पोट भरणं नव्हे बॉस, त्या अर्ध्या तासामागे सव्वाशे-दीडशे वर्षांची स्टोरी आहे. आणि तो अर्धा तास आपण हळूहळू गमावतोय!

घड्याळात बारा पन्नास. मेल अर्धवट टाइप झालेला, एक्सेलची शीट उघडीच... आणि तेवढ्यात कुठून तरी लसणाच्या फोडणीचा वास. पॅन्ट्रीत मायक्रोवेव्हची पहिली 'टिंग' वाजते आणि फ्लोअरवरच्या माना एकेक करून वर होतात. 'चल, जेवून घेऊ.' बस्स, एवढ्या तीन शब्दांत कॉर्पोरेट मुंबई माणसात येते.

बीकेसी घ्या, लोअर परळ घ्या, अंधेरीची एमआयडीसी घ्या नाहीतर ऐरोलीचं आयटी पार्क. दुपारी एक ते दोन या शहराचं रूपच वेगळं असतं. लिफ्टला रांगा, खाऊगल्लीत धक्काबुक्की, राइस प्लेटच्या टेबलाशेजारी 'झालं का तुमचं?' अशा नजरेने उभी असलेली माणसं. सकाळच्या लोकलमध्ये एकमेकांच्या पायावर पाय देणारे लोक दुपारी एकमेकांच्या डब्यात हात घालतात. हे फक्त इथेच होऊ शकतं!

प्रत्येक ऑफिसच्या लंच टेबलावरची मंडळीही ठरलेली. ओळखा बघू, यात तुम्ही कोण?

डबा ऐश्वर्य – तीन ताळी डबा, शिवाय ताकाची बाटली, लोणच्याची वेगळी डबी आणि कागदात बांधलेली हिरवी मिरची. या व्यक्तीच्या शेजारची खुर्ची कधीही रिकामी नसते.

पाहुणा – 'मी आज काही आणलं नाही रे' असं रोज म्हणतो. चार डब्यांतून एकेक घास घेत सगळ्यांपेक्षा जास्त जेवतो.

डाएटवाली – सोमवारी सॅलड, मंगळवारी स्प्राउट्स, बुधवारी बाजूच्या डब्यातली साबुदाणा खिचडी.

अॅपवाला – अकरा वाजल्यापासून काय मागवायचं यावर चर्चा करतो. जेवण येतं तेव्हा बाकीच्यांचे डबे धुऊन झालेले असतात.

डेस्कवीर – उजवा हात माउसवर, डावा सँडविचवर. 'एक कॉल आहे यार, तुम्ही व्हा पुढे.' याच्या कीबोर्डमध्ये एक अख्खा नाश्ता निघेल.

पहिल्या चारांची काळजी नको. खरी काळजी आहे ती पाचव्याची, कारण त्याची संख्या वाढत चाललीय. तो जे सोडून देतोय ते या शहरात कुणीतरी मागून, भांडून मिळवलंय.

अर्ध्या तासाची मागणी

थोडं मागे जाऊ या. १८५४मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि मुंबईत गिरण्यांचा जमाना सुरू झाला. काम किती तास? सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत! आठवड्याची सुट्टी नाही आणि मोठ्या माणसाला जेवणासाठी ठरलेली वेळही नाही. यंत्र चालू, तसा माणूस चालू.

सप्टेंबर १८८४मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. पुढे होते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा कार्यकर्ता 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवत होता. सभेतून निघालेल्या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या काय होत्या माहितीये? रविवारी सुट्टी द्या, पगार वेळेवर द्या, कामावर इजा झाली तर भरपाई द्या... आणि दुपारी अर्धा तास विश्रांती द्या.

हो, तुमचा-आमचा लंच ब्रेक! १८९०मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली आणि १८९१च्या कारखाना कायद्यात दुपारची अर्धा तास सुट्टी आली. आज ज्या परळ-लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसून डेस्कवीर सँडविच चावतोय, तिथून सुपारीबाग काही फार लांब नाही. चालत्या यंत्रापासून अर्धा तास सुटका मिळावी म्हणून इथेच लोकांनी अंगठे उठवले होते. आता यंत्राला स्क्रीन आलाय, एवढाच काय तो फरक.

खानावळवाल्या मावशी

बरं, सुट्टी मिळाली. पण जेवायचं काय?

गिरणगावातला बहुतेक कामगार एकटा होता. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून, घाटावरून आलेला. बायका-मुलं गावी, आणि हा इथे चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर. पाळीप्रमाणे कामाला जायचं आणि पाळीप्रमाणेच झोपायचं. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला आडवा. अशा घरात चूल कोण पेटवणार?

चूल शेजारच्या खोलीत पेटली. गिरणीत काम करणाऱ्या किंवा काम सुटलेल्या कामगाराची बायको आधी दोघांचं, मग पाच जणांचं, मग वीस जणांचं जेवण रांधू लागली. ती झाली खानावळवाली. दोन वेळचं जेवण, महिन्याचा हिशेब, आणि पैसे पगार झाल्यावर. भाकरी, कालवण, भात, आणि जमेल त्या दिवशी मासळी. मुंबईच्या पहिल्या 'मंथली मील प्लॅन'ला ना अॅप होतं ना पासवर्ड. फक्त मावशींची पाठ असलेली उधारी होती.

या धंद्यातली ग्यानबाची मेख अशी की जेवणाऱ्याचे पैसे महिन्याच्या शेवटी, आणि वाण्याचं बिल मात्र आधी. मग सावकाराकडून कर्ज, त्यावर चढतं व्याज, आणि अगदीच अडलं तर गळ्यातलं गहाण. संप झाला की कामगाराचा पगार बंद, पण त्याचं जेवण बंद करायला मावशींचं मन होत नसे. म्हणजे संपाचा खर्च तिच्या चुलीवरही पडायचा. मोर्चाच्या फोटोत मात्र ती कुठेच दिसत नाही!

गोवा मुक्तिसंग्रामात काम केलेल्या आणि पुढे गिरणगावात कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव यांना ती दिसली. १९७५मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलंच होतं. मग या खानावळवाल्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज का मिळू नये? तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांना एकमेकींच्या भरवशावर कर्ज मिळवून द्यायला सुरुवात झाली. ज्या बाईला जनगणनेचा माणूस 'घरकाम' म्हणून नोंदवून पुढे जायचा, तिला बँकेच्या कागदावर धंदेवाली म्हणून नाव मिळालं. पुढे पुरव यांना पद्मश्रीने गौरवण्यात आलं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं गावाला परतली, आणि जेवणारे गेल्यावर खानावळी तरी कुणासाठी चालणार? १९९१ आणि २००१च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनींचे दरवाजे उघडले. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि रेस्टॉरंट्स आली. चिमणी काही ठिकाणी शोपीस म्हणून उभी आहे. तिच्या सावलीत आता कॉफी मिळते. एका कपाच्या किमतीत एकेकाळी मावशींकडे महिनाभर जेवता आलं असतं!

पांढऱ्या टोपीची मेहेरबानी

गिरणी कामगाराची भूक खानावळीने भागवली. फोर्टातल्या क्लार्क-साहेब मंडळींची मात्र वेगळीच तऱ्हा होती. घर गिरगावात, दादरला किंवा त्याही पलीकडे, ऑफिस फोर्टात, आणि जेवण हवं घरचंच! सकाळी सातला घर सोडणाऱ्याला गरम जेवण कुठून मिळणार? म्हणून डबा मागाहून येऊ लागला.

१८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याच्या या कामाला शिस्त लावली, असं डबेवाले सांगतात. गंमत बघा, मुंबईला रविवारची सुट्टी आणि डबेवाला एकाच सुमारास मिळाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागातली माणसं या धंद्यात आली आणि गावातल्या गावात, नात्यातल्या नात्यात धंदा वाढला. १९५६मध्ये 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स' या नावाने संस्थाही नोंदली गेली.

काम कसं चालतं ते एकदा नीट बघाच. सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान एक जण घरोघरी जाऊन डबे उचलतो. सायकलवरून ते जवळच्या स्टेशनवर येतात. तिथे झाकणावरच्या रंग-आकड्यांच्या खुणा बघून डबे पुन्हा लावले जातात. कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या भागात जायचं, कुठली इमारत, कितवा मजला हे सगळं त्या एवढ्याशा खुणेत असतं. मग चाळीसएक डब्यांचं लाकडी घमेलं डोक्यावर घेऊन लोकल पकडायची. उतरल्यावर पुन्हा वाटणी, पुन्हा सायकल नाहीतर हातगाडी. साडेबारा-एकपर्यंत डबा टेबलावर. आणि दुपारी अख्खी वरात उलटी, रिकामे डबे घरी! एक डबा वाटेत तीन-चार हात बदलतो, पण जोशींची आमटी डिकॉस्टांच्या टेबलावर सहसा जात नाही.

या कामाची कीर्ती पार लांबवर गेली. नोव्हेंबर २००३मध्ये प्रिन्स चार्ल्स, म्हणजे आजचे राजे, चर्चगेटला त्यांना भेटून गेले. २०१०मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर केस स्टडी काढली. २०१३मध्ये 'द लंचबॉक्स' सिनेमा आला, ज्यात चुकीच्या टेबलावर गेलेला एक डबाच गोष्ट घडवतो. त्या काळात पाच हजारांच्या आसपास डबेवाले रोज दोनेक लाख डबे पोचवतात असं सांगितलं जायचं. चैत्रात गावच्या जत्रेसाठी हे सगळे आठवडाभर सुट्टीवर गेले की ऑफिसांच्या कँटीनमध्ये तोबा गर्दी व्हायची. वर्षातून एकदा साहेबांना कळायचं की आपण कुणाच्या पायांवर जेवतो.

मार्च २०२०मध्ये ही साखळी तुटली. लॉकडाउन लागला, लोकल थांबली, ऑफिसं बंद. काही महिन्यांनी डबेवाल्यांना लोकलने जायची परवानगी मिळाली खरी, पण डबा नेणार कुणाकडे? साहेब घरीच बसून 'यू आर ऑन म्यूट' म्हणत होता! बरेच जण गावाला परतले, कुणी रिक्षा चालवली, कुणी वॉचमनची नोकरी धरली. ऑफिसं पुन्हा उघडली ती आठवड्यातून दोन-तीन दिवसांसाठी. आणि महिन्याच्या ठरलेल्या पैशांवर चालणाऱ्या धंद्याला 'मंगळवार-गुरुवारच या हं' परवडत नाही. डबेवाले आजही आहेत, पण पूर्वीच्या मानाने खूपच कमी.

पहाटे पाचची शिफ्ट

डबेवाल्याचं कौतुक सगळे करतात. पण डबा भरणारीचं? दहा वाजता डबेवाल्याच्या हातात गरम डबा द्यायचा तर ओटा सकाळीच पेटणार. आणि डबेवाला नसेल, स्वतःच साडेसातच्या लोकलला डबा घेऊन निघायचं असेल, तर कणीक पाचला मळायला हवी. 'घरचं जेवण' या दोन शब्दांत एका बाईची झोप दडलेली असते. हार्वर्डच्या केस स्टडीला रंगाच्या खुणांची काळजी. पोळ्यांची काळजी आईला!

आता ती बाई स्वतःच साडेसातची लोकल पकडते. दोघंही नोकरी करणार, दोघंही आठला घरी पोचणार, मग डबा करणार कोण? मराठी घरात या प्रश्नावर जेवढी धुसफूस होते तेवढी होम लोनवर होत नसेल. त्यावर मध्यमवर्गाने काढलेली तोड म्हणजे पोळीभाजी केंद्र. दादर, गिरगाव, पार्ले, ठाणे, डोंबिवली... स्टेशनबाहेर पडलं की दोन मिनिटांवर. पोळ्या नगावर, भाजी पावशेरावर, आणि संध्याकाळी सातनंतर गेलात तर 'भेंडी संपली हो, दोडका आहे'. तिथे मागच्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या हातांकडे कधी नजर टाकलीत? बहुतेक वेळा तिथे बायकाच. म्हणजे पाळी बदलली, पण लाटणं त्याच हातात राहिलं.

एक चांगला बदल मात्र खरा आहे. एकट्याने किंवा रूमवर चौघांनी राहणारी नागपूर-नांदेड-कोल्हापूरची मुलं आता स्वतः कुकर लावतात. त्यांच्या डब्यातली खिचडी कधी खारट, कधी करपलेली, पण 'मी केलीय' हे सांगताना चेहरा बघावा! ऑफिसात बायकोच्या हातचा डबा नेणाऱ्या सीनिअरला 'सर, तुम्हाला काय काय करता येतं?' असं एखादा ट्रेनी विचारतो तेव्हा टेबलावर एक मिनिट शांतता पसरते. फार गोड शांतता असते ती.

लंच, आणि वर होम!

डबा नसलेल्यांचीही मुंबईने सोय लावली. त्यातला सर्वांत सुंदर शब्द म्हणजे 'लंच होम'. मंगळुरी, गोमंतकी, मालवणी मासळीची ही ठिकाणं. 'लंच' ऑफिसचं आणि 'होम' गावचं. दोन्ही एकाच पाटीवर! माटुंग्याला रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२पासून एकट्यादुकट्या नोकरदाराला वाढतंय. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३चं 'ब्रिटानिया' तर दुपारपुरतंच उघडायचं म्हणून प्रसिद्ध झालं, कारण गिऱ्हाईकच आजूबाजूच्या ऑफिसांतलं. आणि ज्याला बसून खायलाही वेळ नाही त्याच्यासाठी १९६६मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं सांगतात. पुढचा इतिहास तुमच्या पोटात आहेच.

या जागांनी एक सवय लावली ती जेवणापेक्षा मोठी. गर्दीच्या वेळी इथे टेबल तुमचं नसतं, खुर्ची तुमची असते. समोर कुणीही येऊन बसतं. शेअर ब्रोकरसमोर कुरिअरवाला, वकिलासमोर त्याचाच पक्षकार. 'जरा मीठ सरकवा' एवढंच संभाषण, पण एका टेबलावर, एकाच वाटीतलं सांबार. फूड कोर्टात बिल भरू शकणारेच समोर येतात. फरक तिथे पडतो.

खाली थांबलेला लंच

आता जेवण बोटावर आलंय. गेल्या दहा वर्षांत अॅप्सनी बिर्याणीपासून भाकरीपर्यंत सगळं लॉबीत आणून ठेवलं. सोय आहे, नाकारायचं कशाला? पण एक वाजता आपल्या बिल्डिंगच्या गेटबाहेर जरा डोकावून बघा. पाठीवर चौकोनी बॅगा लावलेल्या पोरांची रांग. वर जायचं तर बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस लिफ्ट, नाहीतर खालीच थांबायचं. सगळं शहर जेवतं तीच यांची कामाची घाईची वेळ. म्हणजे आपल्याला लंच आणून देणाऱ्याला लंच टाइम नाही!

डबेवाला महिनोन् महिने तोच असायचा. घरातल्या बाईला नावानिशी ओळखायचा. रायडर रोज नवा. त्याचं नाव स्क्रीनवर येतं आणि जेवण हातात पडलं की पुसलं जातं.

सिक्युरिटी गार्ड कुठे जेवतो? हाउसकीपिंगच्या ताई? त्यांची सोय गेटाबाहेरच्या गाडीवर असते. वडापाव, ऑम्लेट पाव, पुरीभाजी. राज्यात १९९५मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि जानेवारी २०२०मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली, ती याच माणसाकडे बघून. महापालिकेची गाडी येऊन हातगाड्या उचलून गेली की आपण म्हणतो, 'चला, फुटपाथ मोकळा झाला.' त्या दिवशी आपल्याच बिल्डिंगमधली पन्नास माणसं काय जेवली, हा प्रश्न कुणाच्या मेलमध्ये येत नाही.

बांगड्याचा प्रश्न

आता थोडं नाजूक बोलू. मायक्रोवेव्हमध्ये बांगडा गरम करावा की नाही?

हसू नका, ऑफिसातली भांडणं यावरून झालीत. कुठे 'कृपया मासळी गरम करू नये' असा कागद चिकटतो, कुठे कँटीन पूर्ण शाकाहारी, कुठे 'तुम्ही त्या टेबलावर बसता का प्लीज?' असं हसत हसत सुचवलं जातं. वास नको हे समजू शकतं. पण हिंगाचा वास 'घरचा' आणि सुकटीचा वास 'घाण', हे कुणी ठरवलं? ज्या जमिनीवर हे ऑफिस उभं आहे तिथे कोकणातल्या माणसाने शंभर वर्षं सुकट-भाकर खाऊन सूत काढलं. त्याचीच नात आज सहाव्या मजल्यावर डबा उघडताना आधी आजूबाजूला बघते.

जुन्या काळाचंही गुलाबी चित्र नको रंगवायला. गिरणगावातल्या खानावळी बऱ्याचदा गाववार, जातवार असायच्या. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, याचा हिशेब तिथेही होता. म्हणूनच ऑफिसचं लंच टेबल ही मोठी कमाई आहे. आडनाव न विचारता डबा मधे सरकवणं, 'ही कसली भाजी गं?' म्हणत दुसऱ्याच्या घरची चव घेणं, शेवभाजी, ठेचा, चुर्मा, लिट्टी, सोलकढी एकाच दुपारी खाणं. जे चाळीला सहज जमलं नाही ते इथे जमतंय. एका कागदी नोटिशीने ते घालवू नका.

पाच तास की सहा?

आणि आता कायद्याचं. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरवलं होतं की सलग पाच तासांहून जास्त काम करून घ्यायचं तर मधे किमान अर्धा तास विश्रांती दिलीच पाहिजे. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही पाच तासांची मर्यादा सहावर आणि दिवसाचे नऊ तास दहावर न्यायला मंजुरी दिली. विश्रांती? अर्धा तासच.

तुमच्यापैकी किती जणांनी ही बातमी पूर्ण वाचली? बहुतेकांनी ती डेस्कवर जेवता जेवता स्क्रोल केली असणार. खरी गोम इथेच आहे. गिरणी कामगाराचा अर्धा तास मालकाने दिला नव्हता म्हणून त्याने मागितला. आपला अर्धा तास कुणी हिसकावून घेत नाहीये, आपणच तो 'एक कॉल आहे यार' म्हणत परत करतोय. आणि जी गोष्ट कुणी वापरत नाही ती कागदावरून कमी करताना फारशी ओरड होत नाही.

जेवताना माणूस जे बोलतो ते मीटिंगमध्ये बोलत नाही. पगार कमी पडतोय, आई आजारी आहे, नवा बॉस त्रास देतोय, घरमालकाने भाडं वाढवलं. कुठल्याही ऑफिसातली खरी दोस्ती, खरी मदत आणि हो, खरं गॉसिपसुद्धा याच टेबलावर शिजतं. एचआरच्या 'टीम बिल्डिंग'ला लोणावळ्याला जावं लागतं. डब्याला पॅन्ट्री पुरते.

लंच टाइम वाचवा! (पाच सोप्या गोष्टी)

१. कॅलेंडरवर एक ते दीड ब्लॉक करा. कारण लिहा, 'जेवण'. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव द्यायची गरज नाही.

२. आठवड्यातून एक दिवस तरी डबा स्वतः भरा. मुलांनो, हे खास तुमच्यासाठी. पोळी जमत नसेल तर पोहे चालतील.

३. नव्या जॉइनीला पहिल्या दिवशी जेवायला बोलवा. लॅपटॉप आयटीवाले देतील, खुर्ची तुम्ही द्या.

४. ऑर्डर घेऊन आलेल्या रायडरला पाणी विचारा. वर येऊ देत नसतील तर खाली जाऊन घ्या. तेवढेच जिने उतरून होतील.

५. बांगड्यावाल्याला दुसऱ्या टेबलावर पाठवू नका. फार तर खिडकी उघडा. आणि एक तुकडा मागून बघा!